जी पावडर चिकटत नाही, ती कुठे जाते?

घरातल्या वस्तूंवर एकदा नजर फिरवा. फ्रिजचा दरवाजा, वॉशिंग मशिनचा पत्रा, खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, गॅलरीचे ग्रिल, कार्यालयातले लोखंडी कपाट, बागेतला बाक. यांतल्या बहुतेक वस्तूंवरचा तो एकसारखा, नखाने खरवडला तरी न निघणारा रंग ब्रशने मारलेला नसतो आणि डब्यातल्या पातळ रंगाचा फवाराही नसतो. तो कोरड्या पावडरीचा थर असतो. पावडर विजेच्या जोरावर धातूला चिकटवायची, मग ती वस्तू भट्टीत भाजायची आणि वितळलेल्या पावडरीचा अखंड पापुद्रा होऊ द्यायचा. या कामाला पावडर कोटिंग म्हणतात. चाकण-भोसरी, सातपूर-अंबड, वाळूज, शिरोली, हिंगणा, वसई, कोणत्याही औद्योगिक पट्ट्यात चार गल्ल्या फिरलात तर पावडर कोटिंगची पाटी दिसतेच.

आरोग्याच्या सदरात रंगकाम कशाला, असे वाटू शकेल. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत बसणाऱ्या माणसाला त्याचे कारण लवकर कळते. खोकला आणि धाप घेऊन तरुण मुलगा येतो. 'काम काय करतोस?' असे विचारले, की उत्तर येते, 'कंपनीत आहे.' 'कंपनीत काय?' 'कोटिंगला.' बहुतेक वेळा विचारणारा तिथेच थांबतो आणि खोकल्याचे औषध लिहून देतो. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत 'तुझा धंदा काय?' हा एक प्रश्न वाढवा, असे त्याने वैद्यांना सांगून ठेवले. सव्वातीनशे वर्षांनी तो प्रश्न विचारला जातो खरा, पण 'कंपनीत' या उत्तराच्या पलीकडे जायचे तर कंपनीत काय चालते हे आपल्याला थोडे तरी ठाऊक हवे. आजचा लेख त्यासाठी आहे.

द्रावक गेले, धूळ राहिली

पातळ रंगात रंगद्रव्य आणि रेझिन विरघळवून ठेवायला टोल्यूइन, झायलीन यांसारखे द्रावक लागतात. रंग वाळतो म्हणजे हे द्रावक हवेत उडून जातात. फवारणाऱ्याच्या नाकातून ते आत गेले की डोके दुखते, गरगरते, मळमळते. वर्षानुवर्षांच्या संपर्काने मज्जासंस्थेवर परिणाम होतो. दोन डब्यांतले घटक मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगांमध्ये आयसोसायनेट असतात आणि ती व्यवसायजन्य दम्याची जगभर ओळखली गेलेली कारणे आहेत.

पावडर कोटिंगने यातला मोठा भाग संपवला. एर्विन गेमर या जर्मन संशोधकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तापवलेली वस्तू तरंगत्या पावडरीत बुडवण्याची पद्धत विकसित केली. साठच्या दशकात विजेच्या साहाय्याने पावडर फवारणाऱ्या गन आल्या आणि हे तंत्र घराघरांतल्या वस्तूंपर्यंत पोहोचले. यात द्रावक जवळजवळ नसतोच. थिनरचा वास नाही, थिनरची आग नाही. शिवाय खाली पडलेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते. पर्यावरणाच्या दृष्टीने ही पद्धत पातळ रंगापेक्षा चांगली आहे, यात शंका नाही.

पण 'द्रावक नाही' याचा अर्थ कारखान्यांतून 'त्रास नाही' असा घेतला गेला. पातळ रंग मारणारा निदान वासाने सावध होतो. पावडरीला वास नसतो. ती रांगोळीसारखी दिसते आणि कामगार तिला रांगोळीसारखीच वागवतो.

रेझिन, ते कडक करणारा हार्डनर, रंगद्रव्य आणि भरीचे पदार्थ एकत्र वितळवून त्याच्या चकत्या दळल्या की ही पावडर होते. तिचे कण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असतात. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर आकाराचा अंदाज येईल. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. सुमारे १० मायक्रॉनहून बारीक कण श्वासनलिकांच्या जाळ्यात उतरतात आणि चार-पाच मायक्रॉनच्या खालचे थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. दळताना असे बारीक कण थोडे होतातच.

पावडर लावायच्या पद्धती

पावडर लावण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली गेमरची, बुडवण्याची. टाकीच्या तळाशी सच्छिद्र पत्रा असतो. त्यातून खालून हवा सोडली की वरची पावडर उकळत्या दुधासारखी हलू लागते, जणू द्रवच. भट्टीत चांगली तापवलेली वस्तू तिच्यात बुडवली, की अंगाला लागलेली पावडर तिथेच वितळते. थर जाड बसतो, साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. तारेच्या जाळ्या, भांड्यांचे रॅक, पाण्याच्या नळमार्गाचे व्हॉल्व्ह यांना ही पद्धत सोयीची. हवेत पावडर उडते ती मुख्यतः टाकीच्या काठावरून. तिथे हवा खेचून घेणारी व्यवस्था असली की बरीचशी धूळ आवरता येते. मात्र तापलेल्या वस्तूवरून निघणारा धूर हा इथला वेगळा प्रश्न असतो.

दुसरी पद्धत गनची. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कारखान्यांत हीच असते. वस्तू, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'जॉब', हुकाला टांगायचा. समोर उभे राहून गनमधून पावडर फवारायची. थर ६० ते ८० मायक्रॉनचा धरतात. मग १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दहा ते वीस मिनिटे भाजायचे.

पावडरीला विजेचा भार देण्याचेही दोन मार्ग आहेत. कोरोना गनच्या टोकाशी एक बारीक सुई असते. तिच्यावर कित्येक हजार व्होल्टचा, कमाल एक लाख व्होल्टच्या घरातला दाब असतो. भोवतालच्या हवेत विद्युतभारित कण तयार होतात, ते पावडरीला चिकटतात आणि ती ऋणभारित होते. दुसऱ्या प्रकारच्या गनला ट्रायबो म्हणतात. तिच्यात असा उच्च दाब नसतो. पावडर टेफ्लॉनच्या नळीला घासत जाते आणि त्या घर्षणानेच भारित होते. कोरड्या केसांवर फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, त्यातलाच हा प्रकार.

दोन्हींमध्ये पावडर जॉबकडे ओढली जाते ती जॉब जमिनीशी जोडलेला असतो म्हणून. हेच अर्थिंग. वरून हुकाचा दांडा, हूक, मग जॉब अशी विजेची वाट अखंड हवी. ती तुटली की भारित पावडरीला ओढणारे कोणी उरत नाही. ती जॉबवरून घरंगळते आणि हवेत तरंगत राहते.

हुकावरचा थर

अर्थिंग तुटते कसे, हे पाहण्यासारखे आहे. जॉबबरोबर हूकही दर फेरीला पावडर खातो आणि ओव्हनमध्ये भाजला जातो. आठ-दहा फेऱ्यांनंतर त्याच्यावर जाड, चकचकीत थर चढतो. हा थर म्हणजे उत्तम विद्युतरोधक. आता जॉब हुकाला टेकलेला असतो, पण विजेच्या दृष्टीने लोंबकळत असतो. पावडर नीट बसत नाही. 'पावडर घेत नाही,' म्हणून ऑपरेटर गनची हवा वाढवतो, पावडर वाढवतो. बूथमध्ये ढग होतो.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. डब्यासारख्या जॉबच्या आतल्या कोपऱ्यात विद्युतक्षेत्र शिरतच नाही. मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये पिंजऱ्याच्या प्रयोगाने दाखवलेला हा गुणधर्म कोटिंगवाल्यांना रोज छळतो. कोरोना गनची पावडर कडांवर जाड बसते आणि कोपरा कोरडा राहतो. इथेही सवयीचा उपाय तोच, हवा वाढवायची आणि पावडरीचा मारा करायचा. खरे तर अशा वेळी व्होल्टेज आणि हवा दोन्ही कमी करून, गन योग्य कोनात धरली तर कोपरा जास्त चांगला भरतो. ट्रायबो गन अशा ठिकाणी मुळातच बरी पडते. पण ती सगळ्या पावडरींना चालत नाही आणि तिला अगदी कोरडी, स्वच्छ हवा लागते.

सगळे नीट असेल, जॉब सपाट असेल, तरी गनमधून निघालेल्या पावडरीपैकी साधारण निम्मी ते दोन तृतीयांश पहिल्या फवाऱ्यात जॉबवर बसते. जाळीदार किंवा वाकड्यातिकड्या जॉबवर त्याहून कमी. उरलेली बूथच्या पंख्याने खेचली जाऊन फिल्टरमध्ये जायला हवी. तिथून चाळून ती पुन्हा वापरतात. या पुनर्वापराचाही एक गुण लक्षात ठेवायला हवा. मोठे कण आधी जॉबवर बसतात आणि बारीक कण मागे राहतात. म्हणून पुनःपुन्हा फिरवलेल्या पावडरीत बारीक कणांचे प्रमाण वाढते. छातीत खोल उतरतात ते हेच कण. ताजी पावडर योग्य प्रमाणात मिसळत राहिले, तर रंगही सुधारतो आणि धूळही कमी उडते.

म्हणजे जी पावडर जॉबला चिकटत नाही, तिला तीनच जागा उरतात: फिल्टर, फरशी आणि माणूस. हूक स्वच्छ ठेवणे, अर्थिंग तपासणे, गनची हवा बेताची ठेवणे या गोष्टी मालक पावडर वाचवायला करतो. त्याच गोष्टी कामगाराची छाती वाचवतात. दोघांचे हित एकाच हुकाला टांगलेले असण्याचे प्रसंग उद्योगात फार येत नाहीत. हा त्यांतला एक आहे.

आगीची मर्यादा वेगळी, श्वासाची वेगळी

पावडर म्हणजे बारीक दळलेले प्लास्टिकच. पिठाच्या गिरणीतली किंवा साखर कारखान्यातली धूळ जशी ठिणगीने भडकू शकते, तशी हीदेखील. ढग पुरेसा दाट असला आणि रोधक थर चढलेल्या हुकाजवळ ठिणगी उडाली, तर बूथमध्ये आग लागते. म्हणून बूथमधून एवढी हवा खेचली पाहिजे, की पावडरीचे सरासरी प्रमाण घनमीटरला १० ग्रॅमच्या खाली राहील, असा दंडक पाळला जातो.

पण हा दंडक आगीसाठी आहे. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी आठ तासांच्या पाळीत श्वासावाटे जाऊ शकणाऱ्या साध्या धुळीची मर्यादा घनमीटरला १० मिलिग्रॅम धरतात आणि खोल फुफ्फुसात जाणाऱ्या बारीक धुळीची ४ मिलिग्रॅम. १० ग्रॅम आणि १० मिलिग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे. आग लागणार नाही इतकी स्वच्छ असलेली बूथमधली हवा श्वास घेण्याजोगी असतेच असे नाही. म्हणून ऑपरेटरने बूथच्या बाहेर उभे राहून आत फवारायचे असते. बूथच्या तोंडाशी हवा सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. ती खरोखर आत जाते का, हे पातळ कागदाची पट्टी धरून पाहता येते. इथे धूर पाहायला उदबत्ती मात्र कोणी लावू नये. जॉब फार मोठा असेल आणि आत शिरावेच लागले, तर वारा पाठीमागून आला पाहिजे. जॉब आणि पंखा यांच्या मध्ये उभे राहणे म्हणजे स्वतःच फिल्टर होणे.

एक बारीकसा पेच हातमोज्यांचा आहे. गनची मूठ विद्युतवाहक असते आणि ती उघड्या तळव्यात धरली की ऑपरेटरही जमिनीशी जोडला जातो. कातडीच्या काळजीपोटी जाड रबरी मोजे घातले किंवा पायात रबरी चप्पल असली, तर ऑपरेटरच्या अंगावर विद्युतभार साठतो आणि धातूला हात लागताच ठिणगी उडते. यावर विद्युतवाहक मोजे आणि बूट मिळतात. मोजे तसे नसतील, तर निदान त्यांचा तळवा कापून घेण्याची पद्धत आहे.

टीजीआयसी नावाचा हार्डनर

सगळ्या पावडरी सारख्या नसतात. घरात वापरायच्या वस्तूंना बहुधा इपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्रणाची पावडर लावतात. उन्हापावसात राहणाऱ्या ग्रिल, खिडक्या, गेट यांना शुद्ध पॉलिएस्टरची. या पॉलिएस्टरला भट्टीत कडक करायला हार्डनर लागतो. वर्षानुवर्षे त्यासाठी वापरला गेलेला पदार्थ म्हणजे ट्रायग्लिसिडिल आयसोसायन्युरेट, थोडक्यात टीजीआयसी.

टीजीआयसी त्वचेला ॲलर्जी आणतो, डोळ्यांना गंभीर इजा करतो. प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे युरोपात त्याचे वर्गीकरण जनुकांना हानी पोहोचवणारा पदार्थ म्हणून झाले आहे. २०१२ मध्ये युरोपीय संघाने त्याला अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत घातले. पावडर कोटिंग करणाऱ्यांमध्ये त्यामुळे व्यवसायजन्य दमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ब्रिटनने त्याची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. पावडरीत टीजीआयसी ५ टक्के असेल, तर हवेत फक्त २ मिलिग्रॅम पावडर असली तरी ही मर्यादा गाठली जाते. साध्या धुळीच्या १० मिलिग्रॅमच्या हिशेबाने जी हवा चालली असती, ती इथे चालत नाही.

त्याला पर्याय आहे. हायड्रॉक्सीअल्किलअमाइड, म्हणजे एचएए, हा हार्डनर युरोपात मोठ्या प्रमाणावर रुळला आहे. भाजताना त्यातून पाण्याची वाफ निघते, त्यामुळे थर फार जाड झाला तर बारीक छिद्रे पडतात. थर मोजून मारणाऱ्याला ही अडचण येत नाही. आपल्याकडे दोन्ही प्रकार मिळतात. पावडरीच्या खोक्याबरोबर मिळणारी सेफ्टी डेटा शीट मागून घ्यावी. तीत टीजीआयसी हे नाव किंवा २४५१-६२-९ हा क्रमांक दिसला, तर पुरवठादाराला टीजीआयसी नसलेली पावडर मागावी. एचएएची धूळही धूळच असते, तिच्यासाठी बूथ आणि मास्क सोडून चालत नाही. पण एक घातक घटक तरी कमी होतो.

घरी या वस्तू वापरणाऱ्यांनी घाबरू नये. भट्टीत नीट भाजल्यावर हार्डनर रेझिनशी बांधला जातो. फ्रिजला हात लावून किंवा ग्रिलला टेकून काही होत नाही. मात्र कोटिंग केलेले ग्रिल कापायचे, घासायचे किंवा वेल्डिंग करायचे असेल, तेव्हा निघणारा धूर आणि भुकटी त्रासदायक असते. असे काम मोकळ्या हवेत करावे, मुलांना आणि दमेकऱ्यांना तेवढा वेळ दूर ठेवावे.

पावडरीच्या आधीच्या टाक्या

रंग टिकायचा तर धातू आधी स्वच्छ हवा. म्हणून जॉब पावडरीपूर्वी टाक्यांच्या रांगेतून जातो. कारखान्यात याला सरसकट 'सेव्हन टँक' म्हणतात. तेल काढणारा अल्कलीचा द्राव, गंज काढणारे आम्ल, मध्ये पाणी, मग फॉस्फेट, शेवटी पॅसिव्हेशन, असा साधारण क्रम असतो. आम्लाच्या वाफांनी डोळे आणि घसा जळजळतो, बऱ्याच वर्षांनी पुढच्या दातांचे एनॅमल झिजते. गमबूट आणि ॲप्रन नसेल तर पायावर, हातावर भाजल्यासारखे चट्टे पडतात.

सर्वांत जास्त लक्ष ठेवायचे ते ॲल्युमिनियमच्या रांगेवर. तिथे पिवळसर सोनेरी झाक आणणारी क्रोमेटची टाकी असली, तर त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असते. ते माणसात फुफ्फुसाचा कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच निश्चित केले आहे. लहानशा खरचटण्यावर ते लागले तर खोल, गोल, न दुखणारी जखम होते. नाकात गेले तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडू शकते. तेही दुखत नाही, म्हणून कोणी दाखवायला येत नाही. झिर्कोनियम किंवा टायटॅनियमवर आधारलेली क्रोमविरहित रसायने आता उपलब्ध आहेत.

हा दमा ओळखायचा कसा?

अशा रुग्णाची गोष्ट बहुधा एकाच वळणाने जाते. कामाला लागल्यावर काही महिने, कधी काही वर्षे, काहीच होत नाही. शरीर त्या काळात त्या पदार्थाला ओळखायला शिकत असते. मग शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे सुरू होते. त्यानंतर खोकला. हा खोकला कित्येकदा कामावर येत नाही, घरी गेल्यावर, संध्याकाळी किंवा रात्री येतो. कारण ॲलर्जीची प्रतिक्रिया काही तासांनी उमटू शकते. त्यामुळे कामगार दोष देतो रात्रीच्या गारव्याला, पंख्याला किंवा ताकाला.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर क्षयाची तपासणी करायलाच हवी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. पण थुंकी निगेटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ निघाला, म्हणजे तपास संपला असे नाही. दम्यात छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छच असतो. त्यापुढे दोन साधे प्रश्न विचारावेत. आठवड्याच्या सुटीला बरे वाटते का? दिवाळीत गावी गेलात तेव्हा खोकला थांबला होता का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर संशय कामावर घ्यायचा.

पुढची पायरीही महाग नाही. पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची छोटी नळी मिळते. तिच्यात जोराने फुंकले की श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते कळते. दिवसातून निदान चार वेळा, तीन-चार आठवडे, कामाच्या आणि सुटीच्या दोन्ही दिवशी फुंकून आकडे वहीत लिहायचे. कामाच्या दिवसांत आकडे घसरत असतील आणि सुटीत सुधारत असतील, तर निदान बरेचसे त्या वहीतच मिळते. शक्य असेल तिथे स्पायरोमेट्री करावी.

निदान लवकर होणे फार महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या महिन्यांत संपर्क तुटला, तर अनेकांचा दमा आटोक्यात येतो, काहींचा पूर्ण जातो. इन्हेलर ओढत वर्षानुवर्षे त्याच बूथसमोर उभा राहिलेला माणूस काम सोडल्यावरही दमेकरीच राहण्याची शक्यता मोठी. एकदा ॲलर्जी झाली की अगदी थोडी पावडरही पुरते, त्यामुळे अशा माणसाला नुसता मास्क देऊन भागत नाही.

त्वचेचे लक्षणही ओळखीचे असते. मनगट, मानेचा पट्टा, पापण्या, कोपराचा आतला भाग, जिथे घामात पावडर साचते तिथे खाज, लाली, चिरा. गजकर्ण समजून लावलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने ती तात्पुरती जाते आणि सोमवारी परत येते.

काय करता येईल?

मालकांसाठी पहिले काम हुकांचे. ते ठरावीक फेऱ्यांनंतर साफ करावेत, मात्र उघड्यावर जाळून नव्हे, त्याचा धूर आणखी वाईट. अर्थिंगची तार नुसती दिसते म्हणून भागत नाही, ती मीटरने मोजावी. फिल्टर तुंबला की बूथची ओढ मरते, म्हणून त्याची साफसफाई वहीत नोंदवावी. शक्य असेल तिथे पावडर हॉपरमध्ये ओतण्याऐवजी खोक्यातूनच खेचणारी रचना घ्यावी. पावडर ओतणे, रंग बदलणे आणि बूथ झाडणे या तीन वेळी हवेत सर्वाधिक धूळ असते. नेमके हे काम नव्या, कंत्राटी मुलाला दिले जाते आणि त्याच्या तोंडाला रुमाल असतो. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. नाक-गालांना घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क त्याला द्यावा. दाट दाढीवर तो नीट बसत नाही, हेही सांगावे. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा टाळून धुळीच्या स्फोटापासून सुरक्षित असलेला व्हॅक्यूम वापरावा.

कामगारांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. पाळी संपली की कॉम्प्रेसरच्या पाइपने अंगावरची पावडर उडवण्याची पद्धत सर्रास आहे. त्याने पावडर पुन्हा नाकासमोर येते. शिवाय दाबाखालची हवा डोळ्यात, कानात किंवा जखमेतून कातडीखाली शिरली तर गंभीर इजा होते. गमतीत कुणाच्या अंगाला पाइप लावल्याने आतडे फाटून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. हात थिनरने धुऊ नयेत, त्याने त्वचेची चरबी निघून जाते आणि ॲलर्जीला वाट मिळते. साबण आणि गार पाणी पुरते. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत आणि वेगळे धुवावेत. ती पावडर घरच्या बाळाच्या दुपट्यावर जायचे कारण नाही.

डॉक्टरांसाठीही थोडे. रसायनांमुळे होणारा त्वचादाह आणि क्रोमचे व्रण हे आजार कारखाने कायद्यापासूनच कळवणे बंधनकारक असलेल्या यादीत आहेत. कामातल्या पदार्थांमुळे झालेला दमा हा नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार मानला जातो. केसपेपरवर 'ब्रोन्कायटिस' एवढेच लिहिले, तर त्या मुलाला पुढे काहीच मागता येत नाही. 'पावडर कोटिंगमध्ये गन चालवतो, तीन वर्षे, सुटीत बरे वाटते' या ओळीला कायद्यात किंमत आहे. कामगार विमा योजनेचे कार्ड असेल, तर तो कागद घेऊन त्याला विमा रुग्णालयात पाठवावे.

'काम सोड' हा सल्ला द्यायला सोपा असतो. पण त्या पगारावर घरभाडे, गावी पाठवायचे पैसे आणि बहिणीचे शिक्षण चालू असते. म्हणून सल्ला आधी कारखान्याला द्यायला हवा: पावडर बदला, हूक साफ करा, बूथची ओढ तपासा, आणि ज्याला ॲलर्जी झाली आहे त्याला पावडरीपासून दूर असलेले काम त्याच पगारावर द्या. यांतली पहिली तीन कामे केली तर चौथ्याची वेळ फार थोड्यांवर येईल, आणि फरशीवर सांडणारी पावडर वाचेल ती वेगळीच.